सत्यवानाला सांगावे काय?

वटसावित्रीची कथा आपल्याकडे दर ज्येष्ठी पौर्णिमेस सांगितली व ऐकली जाते. ती इतकी परिचयाची झाली आहे की तिच्यातील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सत्यवान वर्षभरातच मरणार, हे नारदमुनींनी अश्वपती राजाच्या सभेत सांगितले. ते राजाने ऐकले, सावित्रीने ऐकले. सावित्रीने तरीही त्यालाच वरले आणि अरण्यातील आश्रमात राहून ती मनाशी एकेक दिवस मोजू लागली. अखेरचे तीन दिवस तिने उपोषणाचे व्रत केले. परंतु सासूसासऱ्यांना तिने काही सांगितले नाही आणि सत्यवानालाही सांगितले नाही. ठरल्या दिवशी तो नेहमीप्रमाणे कुऱ्हाड खांद्यावर टाकून लाकडे तोडावयास निघाला. म्हणजे ज्याच्या मरणाची ही सारी कथा, तोच एकटा त्या मरणाविषयी अनभिज्ञ होता. सावित्रीने सर्व वृत्तांत उघड केला तो यमाची गाठ पडून गेल्यावर, संकट टळल्यानंतर.

या मौनाबद्दल सावित्रीला कोणी दोष दिलेला नाही, आम्हीही देत नाही. सत्यवानाला ते कळले असते, तरी त्याच्या हातून काय होण्यासारखे होते? वर्षभराची धास्ती तेवढी त्याच्या पदरी पडली असती. जेथे करण्यासारखे काहीच नाही, तेथे न सांगणे हे मायेचेच एक रूप होऊ शकते. पण करण्यासारखे काही असेल तर? सत्यवानापुढे निवडीचा प्रश्न उभा असता, तर ते मौन तितकेच निर्दोष ठरले असते काय? हा प्रश्न आज काल्पनिक राहिलेला नाही. वैद्यकशास्त्राने तो कित्येक घरांच्या ओटीवर आणून ठेवला आहे.

काही मुले जन्मतःच हृदयात दोष घेऊन येतात. हजार जन्मांमागे अशी आठ-नऊ बालके असतात. या दोषांपैकी एक फ्रान्सचे वैद्य आर्थर फॅलो यांनी १८८८ साली नीट वर्णन केला म्हणून त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात चार व्यंगे एकत्र असतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास भोक असते, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते, महाधमनीचे मूळ नेमके त्या भोकावर येऊन बसलेले असते आणि उजवा कप्पा श्रमाने जाड झालेला असतो. अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळते आणि मूल निळे पडते. पूर्वी अशी मुले बहुधा वयात येतच नसत. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी अशा एका बालिकेवर पहिली शस्त्रक्रिया केली. कल्पना डॉ. हेलन टाउसिग यांची होती आणि प्रयोगशाळेत ती सिद्ध करून दाखविणारे व्हिव्हिअन थॉमस हे कृष्णवर्णीय सहायक होते. पुढे १९५४ साली अमेरिकेतच वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून भोक बुजविण्याची व वाट रुंद करण्याची संपूर्ण दुरुस्ती करून दाखविली.

दुरुस्ती हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. दुरुस्त झालेले हृदय निर्दोष झालेले नसते. जेथे टाके पडले, ठिगळ बसले, तेथे व्रण राहतो. हृदयाचे ठोके विजेच्या अतिसूक्ष्म प्रवाहाने पडत असतात. हा प्रवाह व्रणाभोवती एखाद्या भोवऱ्याप्रमाणे फिरू लागला, तर ठोके बेफाम वाढतात आणि कधीकधी हृदय नुसते थरथरत राहते. थरथरणारे हृदय रक्त पुढे ढकलीत नाही आणि काही मिनिटांतच सारे आटोपते. लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या, चारचौघांसारखा संसार करणाऱ्या माणसाला हे वीस-तीस वर्षांनी होऊ शकते. अर्थात प्रमाण मोठे नाही. फॅलोच्या दोषाची दुरुस्ती झालेल्या हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण दोघे असे अकस्मात जातात असा अंदाज आहे. नारदाने तिथी सांगितली होती, आजचा डॉक्टर केवळ शक्यता सांगतो. ऐकणाऱ्याला या दोहोंत अधिक जड कोणते, हे सांगणे कठीण आहे.

या संकटावरचा उपाय म्हणजे छातीत बसवावयाचा डिफिब्रिलेटर. त्याची कल्पना मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरांना सुचली ती दुःखातून. त्यांचे गुरुस्थानी असलेले हॅरी हेलर १९६६ साली अशाच बिघडलेल्या ठोक्यांमुळे दगावले. रुग्णाला जन्मभर रुग्णालयात तर ठेवता येत नाही, मग रुग्णालयातील ते यंत्रच त्याच्या देहात का ठेवू नये, असा विचार मिरोव्स्कींनी केला. पुष्कळांनी तो हसण्यावारी नेला. तरीही ४ फेब्रुवारी १९८० रोजी पहिले यंत्र माणसाच्या देहात बसले, आणि तेही त्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. आज ही चपटी डबी गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आड बसवितात. तिची तार हृदयात उतरते. डबी अहोरात्र ठोके मोजते, बिघाड दिसला की आधी हलक्या स्पंदनांनी तो सावरू पाहते आणि न सावरल्यास विजेचा जोरदार धक्का देते. जन्मजात दोषामुळे ज्यांच्या हृदयात तार नेणे धोक्याचे असते, त्यांच्यासाठी तार केवळ कातडीखालून नेणारे यंत्रही निघाले आहे. अमेरिकेत त्यास २०१२ साली मान्यता मिळाली.

हे वरदान विनामूल्य नाही, आणि केवळ पैशाच्या अर्थाने आम्ही हे म्हणत नाही. अर्थात किंमत लाखांच्या घरात जाते, हेही खरेच. पण धक्का बसतो तेव्हा घोड्याने छातीवर लाथ मारावी तसे वाटते, असे तो सोसलेले सांगतात. कधी यंत्राची गफलत होते आणि धावल्यामुळे वाढलेले ठोके किंवा तुटक्या तारेतील खळबळ हीच आपत्ती समजून ते जागत्या माणसाला धक्का देते. तरुणांच्या बाबतीत असे अधिक घडते. तार तुटते, जंतुसंसर्ग होतो, सात-दहा वर्षांनी बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पंचविशीत यंत्र घेणाऱ्याला आयुष्यात ती चार-पाच वेळा करावी लागेल. एकदा ज्याचे हृदय थांबता थांबता वाचले, त्याने यंत्र घ्यावे याविषयी वैद्यांत दुमत नाही. प्रश्न इतरांचा आहे. व्रणाचा आकार, कप्प्याचा अशक्तपणा, हृदयाच्या आलेखातील लांबलेली रेघ, एखादी मूर्च्छा, अशा खुणांची बेरीज करून ‘धोका अधिक आहे’ एवढेच त्यांना सांगता येते. म्हणजे कदाचित कधीच न येणाऱ्या मरणासाठी आज निश्चित त्रास पत्करावयाचा. हे वैद्यकाचे गणित असले, तरी त्यातील निर्णय वैद्यकाचा नाही. तो कोणाचा, हाच या लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचे खरे रूप पाहावयाचे, तर मुंबई-पुण्यापेक्षा मराठी मुलखाच्या पूर्व कडेवरील आदिलाबाद जिल्ह्याकडे पाहावे. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे आदिलाबाद. पूर्वी निजामाच्या राज्यात, १९५६ नंतर आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात असलेल्या या जिल्ह्याचे २०१६ साली चार जिल्हे झाले. तेलुगू व गोंडी यांच्या शेजारी तेथे मराठी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. कापूस पिकविणारी ती घरे नवस फेडावयास माहूरच्या रेणुकेकडे येतात आणि मोठे दुखणे निघाले की सुमारे तीनशे किलोमीटरवरील हैदराबाद किंवा त्याहून जवळचे नागपूर गाठतात. खुद्द आदिलाबादेत २००८ सालापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तत्पूर्वी, २००७ साली, त्या वेळच्या आंध्र प्रदेश सरकारने आरोग्यश्री योजना सुरू केली आणि २००८ पर्यंत ती सर्व जिल्ह्यांत पोहोचली. तिच्यामुळे गरिबांच्या मुलांची हृदये मोठ्या शहरांतील रुग्णालयांत दुरुस्त होऊ लागली. हे फार मोठे पुण्यकार्य झाले. त्या वेळची सहा-सात वर्षांची मुले आज पंचविशीत आहेत.

अशा एका मराठी घराची आपण कल्पना करू. मुलाची शस्त्रक्रिया लहानपणी हैदराबादेस झाली. ‘मुलगा बरा झाला’ म्हणून घरच्यांनी रेणुकेची ओटी भरली, कागदपत्रे ट्रंकेत गेली आणि पुन्हा तपासणीस जाण्याचे कोणाच्या मनात आले नाही. मुलांच्या आरोग्याची जी राष्ट्रीय योजना २०१३ साली पालघर येथून सुरू झाली, तीही अठराव्या वर्षापर्यंतच हात धरते. मग एके दिवशी कापसाच्या बाजारात हा तरुण मूर्च्छित होऊन पडतो. पुन्हा हैदराबाद. डॉक्टर तेलुगूत व इंग्रजीत बोलतात. आईवडिलांना मराठीच सोयीची, म्हणून काका दुभाषी होतात. डॉक्टर सांगतात, “अकस्मात मरणाचा धोका आहे, यंत्राचा विचार करा.” काका भावाला बाजूला घेऊन अर्धे सांगतात, वहिनीला पाव सांगतात आणि पुतण्याला म्हणतात, “काही नाही रे बाळ, अशक्तपणा आहे. एक लहानसे यंत्र बसवू म्हणतात.” किंवा खर्चाचा आकडा ऐकून घरचे न बसविण्याचे ठरवितात आणि त्याला म्हणतात, “डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत.” दोन्ही बाजूंनी हेतू मायेचाच. परंतु दोन्ही वेळा त्याच्या छातीचा निर्णय झाला आणि त्याला ठाऊकही नाही!

भाषेची सीमा तेथे आहे म्हणून हे अर्धे-पाव उघड दिसते इतकेच. गोव्यात, कारवारात, मुंबईत, जेथे डॉक्टर व रुग्ण एकच भाषा बोलतात, तेथेही दाराबाहेर उभे राहून वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना ‘त्याला काही सांगू नका’ म्हणणे आपल्या परिचयाचे नाही काय? बालपणी निर्णय आईबापांनी केला, कारण निर्णय करणे मुलाच्या कुवतीबाहेर होते. मूल प्रौढ झाले, पण निर्णयाची किल्ली वडिलांच्या कमरेलाच राहिली. हृदय दुरुस्त झालेल्या मुलाकडे घर जन्मभर ‘वाचविलेले बाळ’ म्हणूनच पाहते. त्या दृष्टीत अपार प्रेम आहे, पण ज्याला आपण बाळच समजतो त्याला आपण खरे सांगत नाही.

न सांगण्याच्या बाजूने तीन गोष्टी बोलल्या जातात. पहिली दैवाची. सटवीने कपाळी लिहिले ते चुकत नाही, मग सांगून काय अन् यंत्र बसवून काय? दैवाचा हा आधार खरा मानावा, तर मुळात ते लहानपणीचे ऑपरेशन तरी का केले? आणि सावित्रीचीच पूजा का करावी? यम दाराशी आल्यावरही ती त्याच्याशी वाद घालीत गेली, म्हणून तर ती पूज्य झाली. आमच्या धर्माने दैव मानले तसा पुरुषकारही मानला. यंत्र घेणे हा दैवाचा अपमान नाही आणि विचारपूर्वक न घेणे हा आत्मघात नाही. पण विचार करावयास आधी कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक वजनाची आहे. भय हेच विष असते. ज्याचे हृदय दुबळे त्याला मरणाची वार्ता ऐकविणे क्रूरपणाचे होय, असे म्हणतात. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. सांगण्याची एक रीत असते, वेळ असते, सांगणाऱ्याचा अधिकार असतो. एका दमात सारे ओतणे हे सांगणे नव्हे. परंतु न सांगितल्याने भय टळते, हा समज चुकीचा आहे. घरातील कुजबुज, आईचे रडून लाल झालेले डोळे, मोटारसायकलची किल्ली अकारण लपविली जाणे, हे सर्व तो पाहत असतोच. ज्ञानाचे भय एकदा येते व हळूहळू बसते, संशयाचे भय रोज नव्याने उगवते. शिवाय मूर्च्छा आल्यास काय करावे, कोणती लक्षणे दिसताच धावावे, वाहन चालवावे की नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे रक्षण कोणते मौन करणार?

तिसरी गोष्ट कुटुंबाची. आपल्याकडे माणूस एकटा नसतो. त्याच्या जिवावर म्हातारे आईबाप असतात, घरावरील कर्ज असते. शेत विकून यंत्र घ्यावयाचे, तर शेत सर्वांचे. मग निर्णय त्याचा एकट्याचा कसा? हा आक्षेप आम्हांस खरोखर अडवितो, आणि पाश्चात्त्यांप्रमाणे ‘ज्याचा त्याचा देह’ एवढे म्हणून तो सुटत नाही. आमचे म्हणणे असे की सल्ल्याचा, विनवणीचा, रडण्याचाही अधिकार सर्वांना आहे, शेताविषयी बोलण्याचा तर आहेच. पण छाती उघडून घेण्याचा वा न घेण्याचा अखेरचा शब्द एकाचाच. गीतेचे उदाहरण घ्या. अठरा अध्यायांचा उपदेश करून झाल्यावर भगवंतांनी अर्जुनाला आज्ञा केली नाही. सर्व सांगितले आहे, आता पूर्ण विचार करून तुझ्या इच्छेप्रमाणे कर, असेच ते म्हणाले. साक्षात परमेश्वराने जो अधिकार भक्तापाशी ठेवला, तो आपण पुत्रापासून काढून घ्यावा काय? आईबापांसाठी म्हणून त्याने यंत्र पत्करले, किंवा शेत वाचावे म्हणून नाकारले, तर तो त्याचा त्याग होईल. न विचारता ठरविले, तर त्याच गोष्टीला त्याग म्हणता येणार नाही. नुसते त्याच्यावर घडलेले ते काहीतरी असेल.

आमच्या देवळांतून संकटकाळी देवाचा कौल घेण्याची चाल आहे. फुलाची पाकळी उजवी पडली की डावी, यावर श्रद्धाळू माणूस मन निश्चित करतो. ऑपरेशनापूर्वी कुलदेवतेपुढे असे उभे राहण्यात आम्हांस काही गैर वाटत नाही. पण कौल मागताना देवापुढे प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडावा लागतो. ज्याला प्रश्नच ठाऊक नाही, तो कौल कसला मागणार? देवापुढे जे सत्य उच्चारावयास आपण कचरत नाही, ते ज्याच्याविषयी आहे त्याच्यापुढेही उच्चारता आले पाहिजे.

एकदा सांगितले की त्यामागून आणखीही सांगावे लागते. विवाहाचा प्रश्न येतो. छातीवरचा व्रण किंवा कातडीखालची डबी लपवून स्थळ जुळविण्याचे प्रकार घडतात, मुलीच्या बाबतीत तर विशेष. येथे मात्र सावित्रीची कथा निःसंदिग्ध आहे. नारदाने जे सांगितले ते विवाहापूर्वी, भर सभेत, वधूच्या समक्ष सांगितले, आणि तिने ते जाणूनच वरले. तिच्या पातिव्रत्याचे तेज या जाणण्यात आहे. फसवून गाठलेल्या सावित्रीची कथा कोणी सांगितली नसती. मुलगी रुग्ण असेल तर हेही सांगावे की यंत्र असणे हे मातृत्वाला सरसकट आड येत नाही. मूळ हृदयाची स्थिती काय, यावर ते अवलंबून असते. आणि कधी उलटही घडते. नव्या पिढीचा तरुण तेलुगू-इंग्रजी शाळेत शिकलेला असतो, डॉक्टरांचे बोलणे त्यालाच नीट कळते आणि तोच आईवडिलांना अर्धे सांगतो. आईवडिलांपासून किती राखावे हा त्याचा अधिकार आहे, पत्नीपासून राखणे मात्र त्याच्या अधिकारात बसत नाही.

शेवटी अंतकाळ. यंत्राला माणूस मरणोन्मुख झाला आहे हे कळत नाही. कर्करोगाने वा वार्धक्याने थकलेला देह शांतपणे विझत असताना, तोंडात तुळशीपत्र व गंगोदक ठेवले जात असताना, ते आपले कर्तव्य म्हणून धक्के देऊ शकते. ते टाळता येते. बाहेरून खूण देऊन डॉक्टर धक्क्याचे काम बंद करू शकतात, त्यात वेदना नाही आणि त्यामुळे हृदय थांबत नाही. मरण लादणे वेगळे आणि मरणाच्या वाटेतील धोंडा काढणे वेगळे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास वाट दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्या वाटेवरील अटी सोप्या केल्या. भीष्माचार्यांनी बाणांच्या शय्येवर आपली वेळ निवडली. ज्याने यंत्र स्वतः जाणून घेतले, त्यालाच ते केव्हा बंद करावे हे शुद्धीवर असताना सांगता येईल. आणखी एक गोष्ट घरच्यांनी जाणून असावे. देह चितेवर ठेवण्यापूर्वी यंत्र काढून घ्यावे लागते, नाहीतर अग्नीत त्याचा स्फोट होतो. लपविलेले यंत्र अशा रीतीने स्मशानातही घात करते.

तेव्हा आमचे उत्तर असे: सत्यवानाला सांगावे. आदिलाबादच्या त्या घराने ट्रंकेतील कागद बाहेर काढावे, ‘बरा झाला’ ऐवजी ‘दुरुस्त झाला’ म्हणावयास शिकावे आणि काकांनी पुतण्याला शेजारी बसवून डॉक्टरांचे बोलणे पुरतेपणी मराठीत सांगावे. नंतर त्याला विचार करावयास वेळ द्यावा. तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. दोन्हींत त्याची सोबत सोडू नये, कारण सावित्रीचे खरे व्रत मौनाचे नव्हतेच. कुऱ्हाड घेऊन निघालेल्या पतीबरोबर ती अरण्यात गेली, हे तिचे व्रत होते.